रेडिओला आवाज फुटला

त्याला सगळे रेडिओ म्हणायचे, आणि उगाच नाही म्हणायचे. आपल्या गावी त्याचं सलून होतं. गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं रे टेकलं की कात्रीच्या आधी याची जीभ चालू. कोणाचं लग्न ठरलं, कोणाचं मोडलं, कोणत्या डॉक्टरच्या गोळीला गुण आहे, सगळ्या बातम्या ताज्या. डोक्यावर जेमतेम चार केस उरलेली माणसंसुद्धा दर पंधरवड्याला यायची, ती काय केस कापायला? छे! ऐकायला यायची. घरी बायको हात जोडायची, "अहो, जरा श्वास तरी घ्या."

मग रस्ता रुंद झाला, सलून गेलं, आणि थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, म्हणजे दाजींनी, त्याला या परक्या शहरात स्वतःच्या दुकानात बोलावून घेतलं. इथे मात्र रेडिओ बंद पडला. इथली भाषा त्याला ओ की ठो कळेना. गिऱ्हाईक काहीतरी बोलून हसायचं, हा पण हसायचा, आणि भलत्याच ठिकाणी हसल्यामुळे गिऱ्हाईक गप्प व्हायचं. शेवटी दाजींनी त्याला मागे डोकी धुवायला आणि केर काढायला ठेवलं. पन्नाशीचा माणूस, एकेकाळचा दुकानाचा मालक! घरी आला की भिंतीकडे बघत जेवायचा. इतकी वर्षं शांतता मागणारी बायको त्या शांततेला घाबरून गेली.

एके दिवशी दाजींनी स्पष्टच सांगितलं. ते पलीकडच्या चौकात दुसरं दुकान टाकत होते, त्यामुळे त्यांची खिडकीजवळची खुर्ची रिकामी होणार होती. "तुझ्या हातात कला आहे," ते म्हणाले, "पण इथे मुक्या माणसाच्या हाती कोण मान देतं? महिनाअखेर बोलायला लागलास तर खुर्ची तुझी. नाहीतर मला दुसरा कारागीर बघावा लागेल." ही खुर्ची हुकली तर पुन्हा कधी कात्री हातात येणार नाही, हे रेडिओला लख्ख कळलं.

ताईने इथली भाषा शिकवणारा एक वर्ग शोधून काढला आणि बायकोने त्याला जवळजवळ ढकलतच तिथे नेलं. वर्ग कसला! ना फळा, ना पुस्तक. एक गोल टेबल, मधोमध टेपरेकॉर्डर, भोवती आपलीच भाषा बोलणारी पाच-सहा माणसं. शिकवणाऱ्या बाई इथल्याच, पण उमेदीची वर्षं आपल्याकडे काढलेल्या. पूर्वी समुपदेशन करायच्या, दुःखी माणसांचं ऐकून घ्यायच्या. त्यांनी सांगितलं, मनात येईल ते आपल्या भाषेत बोला. मी मागे उभी राहून तेच इथल्या भाषेत कानात सांगेन, तुम्ही ते मोठ्याने म्हणा, आणि तेवढंच टेपवर घेऊ.

रेडिओ उखडलाच. ही काय शिकवायची रीत झाली, आम्हाला काय खुळे समजता, असं तो ताडताड बोलून गेला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "तुम्हाला राग येतोय. मोठा माणूस असून लहान मूल झाल्यासारखं वाटतंय."

रेडिओ खाली बसला. या शहरात आल्यापासून त्याच्या मनातलं कोणी बोललंच नव्हतं! डोळे भरून आले आणि त्याला त्याची लाजही वाटली नाही. मग त्याने पहिलं वाक्य टाकलं, "माझ्या दाजींना वाटतं मी मुका आहे." बाईंनी खांद्यावर हात ठेवून कानात सांगितलं, तो अडखळत बोलला, आणि शेजारच्या ट्रक ड्रायव्हरने त्याला त्याच्या दाजींबद्दल असं काही विचारलं की सगळं टेबल हसलं. शेवटी टेप लावली. आपली भाषा गाळून फक्त इथली भाषा, फडाफड, एकामागून एक! त्यातला एक आवाज त्याला ओळखीचा वाटला. तो त्याचाच होता. त्या संध्याकाळी घरी त्याने बायकोला तीच वाक्यं इतक्यांदा ऐकवली की तिलाही पाठ झाली.

गडी सुसाट सुटला. पण गंमत बघा, खांद्यावर बाईंचा हात असेल तरच! हात काढला की घाम, ततपप आणि बोलती बंद. बाई म्हणायच्या, हात कधी सोडायचा ते तुम्हीच ठरवा, मला घाई नाही. बाईंना नसेल, पण महिना संपत आला होता. तेव्हा या पठ्ठ्याने डोकं लढवलं, आणि दाजी एक गिऱ्हाईक हाती देऊन परीक्षा घेणार होते त्या दिवशी बाईंनाच दुकानात घेऊन आला!

आता डोळ्यांपुढे आणा. खुर्चीत एक निवृत्त पोस्टमन, डोक्यावर केसांचं रान माजलेलं. त्यांच्या मागे कात्री घेऊन रेडिओ. रेडिओच्या मागे, त्याच्या खांद्यावर हात ठेवून, चष्म्यातल्या बाई. आणि गल्ल्यावर कपाळाला हात लावून बसलेले दाजी. बाई कुजबुजल्या, रेडिओ बोलला, पोस्टमन आरशात बघून खो खो हसले. गाडी चालू लागली.

इतके केस का वाढवलेत, असं बाईंच्या मदतीने रेडिओने विचारलं, तशी पोस्टमननी आरशावरची नजर काढली. मग म्हणाले, लग्नापासून आजवर त्यांचे केस बायकोच कापायची. ती गेली. त्यानंतर आजच पहिल्यांदा ते कोणाच्या हाती मान देत होते.

बाई पुढे झुकल्या. अशा वेळी बोलायचं नेमकं, सभ्य वाक्य त्यांनी कानात सांगितलं. रेडिओने खांदा झटकला. बाईंचा हात खाली पडला. रेडिओ खुर्चीला वळसा घालून पोस्टमनसमोर उकिडवा बसला आणि मोडक्यातोडक्या शब्दांत स्वतःच बोलला.

"ती कसं कापते? तुम्ही दाखवा. मी तसं."

पोस्टमननी हात वर नेला. इथे कानावर थोडे ठेवायची. इथे भोवरा आहे, तिथे नेहमी फसायची आणि माझ्यावरच चिडायची. रेडिओ विचारत गेला, चुकत गेला, पण थांबला नाही. चिडून काय म्हणायची? मग तुम्ही काय करायचा? पोस्टमन रडले, मध्येच हसले, आणि भोवऱ्यापाशी कात्री आली तेव्हा बायकोची नक्कल करून स्वतःवरच ओरडले. रेडिओ म्हणाला, माझी पण असंच. कात्री आणि जीभ पुन्हा जोडीने चालत होत्या. बाई कधीच बाकावर जाऊन बसल्या होत्या, आणि रेडिओला त्याचा पत्ताही नव्हता.

काम झाल्यावर त्याला भान आलं. त्याने बाईंकडे जाऊन घाईघाईने विचारलं, माझं किती चुकलं, खरं काय म्हणायला हवं होतं?

"मला नाही ठाऊक," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "मला ते सुचलंच नव्हतं."

पोस्टमन मान वळवून वळवून आरशात बघत होते. मग ते गल्ल्यापाशी गेले आणि दाजींना विचारलं, "याची सुट्टी कुठल्या वारी असते? त्या वारी मी येणार नाही."

डोकी धुणाऱ्याला कसला वार! सुट्टीचा वार फक्त खुर्चीवाल्या कारागिरांना असायचा. दाजींनी खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहिलं, मग मेहुण्याकडे.

"बुधवार," दाजी म्हणाले.