रहमानभाऊंची मूठ

अमळनेर स्टेशनात गाडी लागली तेव्हा अक्का, म्हणजे माझी आई, रडायचं सोडून माझ्या दंडाकडे बघत होती. शेजारचे कापूस पिंजणारे रहमानभाऊ तिथं हिरव्या कापडात शिवलेलं नाणं बांधत होते. प्रवासाला निघणाऱ्याची राखण इमामावर सोपवायची, ही त्यांची रीत. "पोचना का सोडजो, आनि गरीबले दई टाकजो," ते म्हणाले. सोवळ्यात स्वयंपाक करणारी अक्का आता काय म्हणते, म्हणून मी तिच्याकडे बघितलं. ती एवढंच म्हणाली, "भाऊ, गाठ पक्की मारा."

मी कुवेतला फिटर म्हणून चाललो होतो. गावाकडच्यांनो, आम्ही इथं मजा मारतो असं तुम्हाला वाटतं. अहो, इथं ड्यूटी करून बघा, आपला वैशाख थंड वाटेल!

पहिली सुट्टी मिळाली ती श्रावणात, आमच्याकडच्या कानबाई देवीच्या सणाला. इकडच्या, कुवेतमधल्या मंडळींसाठी सांगतो: घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचा, दळायचा आणि त्याचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, करायचे. रोट फक्त घरच्यांनी खायचे. बाहेरच्याच्या तोंडी गेले तर देवी कोपते, हे आमच्याकडे पक्कं.

अक्काने आबांची, म्हणजे वडिलांची, मूठ घेतली, माझी घेतली. मग हात पुन्हा गव्हात घातला.

"हाई कोनी?" आबा दचकले.

"रहमानभाऊनी."

"येडी व्हयनी का? आपला पोऱ्या परका मुलुखमा ऱ्हास!"

अक्काने हात गव्हातून काढला नाही. कानबाई कोपली तर माझ्यावरच कोपेल, ही भीती तिलाही होतीच. "ज्यानी पोऱ्याले राखं, तो बाहेरना कसा?" ती म्हणाली. "मी इचारं कानबाईले."

"मंग काय बोलनी ती?"

"काहीच बोलनी नही. म्हंजे चालस."

मला हसू आलं आणि अंगावर काटाही. जन्मभर देवीच्या धाकात राहिलेली बाई, एवढं धाडस तिनं आणलं कुठून?

रहमानभाऊ आले. हातपाय धुतले, बिस्मिल्ला म्हणून रोट मोडला, कणही सांडू दिला नाही. नारळालाच देवी मानून मांडलेल्या कानबाईची नथ समईच्या उजेडात चमकत होती. माझे डोळे भरून आले. आमच्या एवढ्याशा ओसरीत केवढी मोठी गोष्ट घडत होती, आणि अक्का विचारत होती, खीर वाढू का.

यंदा सुट्टी नाही. खोलीतच नारळ मांडलाय. गहू कुठला दळायचा इथं, पाकिटातलं पीठच. मलबारचा युसूफ आणि गोव्याचा मिंगेल कॉटवर बसून बघतायत. गेल्या महिन्यात मी तापाने फणफणलो होतो, तेव्हा या दोघांनी रात्रंदिवस पाळी लावून मला सांभाळलं. जिथं आपल्या नावाची मूठ निघते ते घर, एवढंच मला आता कळतं. आबांची मूठ घेतली, माझी घेतली, रहमानभाऊंची घेतली. मग पुन्हा पिठात हात घातला. अगदी अक्कासारखा.

कानबाईकडे बघितलं. काहीच बोलली नाही.

मी आणखी दोन मुठी घेतल्या आणि पीठ मळायला बसलो.