माहेरचं ताट

ठकुबाईला गाडी लागायची. हिर्डोशीहून एसटीत बसली की भोर येईपर्यंत चेहरा पांढराफटक. म्हणून बाजार, दवाखाना, लग्नकार्य, सगळं तिनं आसपासच्या गावात, पायी केलं. माहेर मात्र पडलं राजगडाखालच्या पालीत. तिथं गाडीशिवाय इलाज नव्हता. तीस वर्षं ती माहेरी पोचायची ती आडवी व्हायलाच. आई अंबूबाई पुरणपोळीचं ताट वाढायची आणि ते तसंच उचललं जायचं. आता आईनं नव्वदी गाठली होती. एकदा तरी तिच्यासमोर पोटभर जेवायचं, एवढंच ठकुबाईच्या मनात होतं.

चालवणाऱ्याला गाडी लागत नाही, हे तिची लेक वैष्णवीनं सांगितलं. मग काय, भातकापणीनंतर मोकळ्या खाचरात बाई चौपन्नाव्या वर्षी नवऱ्याची जीप चालवायला शिकली. दोन बांध फोडले, पेंढ्याची एक गंजी आडवी केली. नवरा धनाजी लांबून हसायचा. हसेना का. लायसन आलंच.

गुढीपाडव्याला सकाळी तिघं निघाली. धनाजीनं शेजारी बसत लिंबू पुढं केलं.

"धर, तुला लागंल."

"ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशीच."

धरणाच्या पाण्याकडेनं वळणं सुरू झाली. पळस पेटलेले, कुसुंबाला तांबडी पालवी. हा रस्ता तिनं आजवर डोळे मिटूनच पार केला होता.

"एवढं पाणी हाय व्हय हितं?" ती म्हणाली. तिला आनंद मावेना.

नसरापूरच्या गर्दीत पोटात कालवाकालव झाली आणि तिचा जीव घाबरा झाला. संपलं सगळं, तिला वाटलं. मग ध्यानात आलं, ही तर भूक आहे. गाडीत तिला आजवर कधी भूक लागलीच नव्हती.

पुढं गुंजवणी नदी लागली, राजगड समोर आला, आणि धनाजी हळूच म्हणाला, "जरा थांबीव." जन्मभर चालवणाराच तो, शेजारी कधी बसलाच नव्हता. ठकुबाईनं त्याची पाठ चोळली. ती हसली नाही, वैष्णवी मात्र हसली.

पालीत अंबूबाईनं नेहमीप्रमाणे ओसरीवर घोंगडी अंथरून ठेवली होती. त्या घोंगडीवर जावई आडवे झाले.

ठकुबाई हातपाय धुऊन ताटावर बसली. पहिली पोळी संपली, दुसरी संपली. समोर बसलेल्या म्हातारीच्या डोळ्यांना धार लागली होती, तरी नजर ताटावरून हलत नव्हती.

"आये," ठकुबाई म्हणाली, "अजून एक वाढ."