शेवरीचा जाळ

आक्का गेल्याचा निरोप वेल्ह्याकडच्या एका माणसानं आणला. नसरापूरला एस.टी. बदलून तो थेट भोरला आमच्या कचेरीत आला. "आक्का डोंगरात मोळीसकट घसरल्या," एवढंच म्हणाला. आक्का माझी थोरली बहीण. मला आधी राग आला, रडू नंतर आलं. जिनं जन्मभर डोंगरातल्या मोळीशी वैर धरलं, तिनं मोळीखालीच मरावं…

आमची आई मोळ्या वाहून कंबरेत वाकली ती पुन्हा सरळ झालीच नाही. संस्थान विलीन झालं त्या सुमारास आक्काचं लग्न झालं आणि सासरी गेल्या गेल्या तिनं बांधावर शेवरी लावली. शेवरी वर्षाच्या आत डोक्यावर जाते. तोडून वाळवली की दारातच सरपण. पण तिचा पाला शेरडांना फार आवडतो, आणि शेरडं दाजींचीच. पहिली शेवरी शेरडांनी बुडख्यापर्यंत खाल्ली, तेव्हा आक्कानं दाजींशी अबोला धरला. ताट मात्र वेळेवर वाढायची. शेवटी दाजींनीच काट्यांचं कुंपण घातलं. वाडीत नवी नवरी आली की आक्का तिच्या ओटीत तांदळाबरोबर मूठभर शेवरीचं बी घालायची. एका सासूनं ते तांदूळ बियांसकट शिजवले आणि भात कडू झाल्याचा वाडीभर बोभाटा केला. "भातापरास मोळी लई कडू," आक्का म्हणाली, आणि पुढं बी वेगळ्या चिंधीत बांधून देऊ लागली. हळूहळू वाडीतल्या बायकांचं डोंगराला जाणं सुटलं.

आक्का गेली त्या आठवड्यात शेजारी लग्न होतं. पंगतीच्या स्वयंपाकाला सरपण कमी पडलं, तर आक्कानं आपल्या घरची सगळी वाळली शेवरी देऊन टाकली. "आमी दोघंच. एक मोळी आणली की भागतंय," असं म्हणून ती डोंगराला गेली…

मयताला वाडीच्या रिवाजाप्रमाणे घरटी लाकूड आलं. सगळी शेवरीच. एक म्हातारा म्हणाला, "ही भुरुभुरु जळून जाती. रानातलं जाड लाकूड आणा." "रानातलं लावू नगा तिला," दाजी म्हणाले. "लई वाहिलं तिनं." मग माणसं घराघरातून भारे आणत राहिली आणि आम्ही ते जाळात सारत राहिलो.

परवा वाडीला गेलो होतो. दाजींनी चहा ठेवला. गुळाचा खडा आणायला उठले, तोवर चूल विझली. फुंकून पेटवली, कपबशीला उठले, पुन्हा विझली. मी पुढं सरलो, तर त्यांनी हातानंच थांबवलं आणि काटक्या आत सारत तिथंच बसून राहिले.

"शेवरीपाशी कायम एक माणूस बसाया लागतंय," ते म्हणाले. "इतकी वर्सं मला ठावंच न्हवतं."