मंगळावरचा जास्तीचा दगड

त्याचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. गजर कधी लावावा लागला नाही. बायकोचं कोपर वेळेवर बरगडीत यायचं. ती लगेच कूस बदलून घोरायला लागायची, आणि घोरतो तोच, असं सगळ्यांना सांगायची.

काम जाहिराती चिकटवण्याचं. बादलीत खळ कालवायची, एकही गुठळी राहू द्यायची नाही. कागदाचे ताव काखेत, शिडी खांद्यावर, आणि रहदारी सुरू व्हायच्या आत रस्त्याकडेचे फलक भरून मोकळं व्हायचं. मोठं चित्र बऱ्याच तावांत छापून येतं. लोकांना वाटतं, चिकटवलं की झालं. पण ओला कागद ताणतो. खळ लावून जरा थांबायचं, तो किती ताणेल याचा अंदाज बांधायचा, आणि हात डोक्याच्या वर धरून, वाऱ्याशी झोंबत, एका दमात बसवायचा. नटीचं अर्धं नाक एका तावावर असतं, अर्धं दुसऱ्यावर. ते सरकलं तर येणारेजाणारे दिवसभर हसतात. त्याच्या हातून नाक कधी सरकलं नाही.

फलकावर मोकळी जागाही त्यानं कधी सोडली नाही. एखादा ताव कोपऱ्यात फाटका निघाला, तर जुन्या जाहिरातीतलं त्याच रंगाचं आभाळ कापून तो ठिगळ लावायचा. खालून कुणाच्या बापाला कळायचं नाही.

अशाच एका पहाटे त्यानं ग्रंथालयाची जाहिरात लावली. मंगळावरच्या एका विवरात एक यान चाकांवर फिरतंय, त्यानं पाठवलेले फोटो पाहायला रविवारी सकाळी या, असं तिच्यावर लिहिलं होतं. चित्रात विवराचा कडा होता आणि तो मधोमध बोटभर चुकला होता. डावीकडचा डोंगर उजवीकडच्याला मिळतच नव्हता. त्यानं ताव काढून पुन्हा लावला. तरी तेच. मग ध्यानात आलं की चित्रच तसं छापलंय. लोक मात्र नावं ठेवणार चिकटवणाऱ्याला. रविवारी धुतलेला सदरा घालून तो ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत गेला तो हे सांगायला. मंगळ बघायला नव्हे.

खोलीत एक लांब टेबल, तीन जुने संगणक आणि पाचसहा हौशी माणसं. त्यांच्या म्होरक्या म्हणजे भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाई. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत. बाईंनी तक्रार शांतपणे ऐकून घेतली आणि सांगितलं, की छापणाऱ्याचा दोष नाही, आमचंच जोडकाम कच्चं आहे. यान एका वेळी खिडकीतून दिसेल एवढाच तुकडा टिपतं. ते तुकडे कुणालाही बघायला मिळतात. ही मंडळी ते शेजारी शेजारी बसवून अख्खा कडा उभा करत होती. जोडायची एवढी चाड असेल तर तुम्हीच बसा, असं म्हणून बाईंनी खुर्ची सरकवली.

तो बसला. माउस धरायला त्याला त्यांच्यातल्याच एका दातांच्या डॉक्टरांनी शिकवलं. कुंच्याला सरावलेल्या मुठीत तो चिरडायचाच बाकी राहिला होता. डॉक्टर तासाभरात उरकायचे ते काम त्याची अख्खी सकाळ खायचं. पण उरकणं त्याला माहीतच नव्हतं. जोड जुळेपर्यंत तो उठायचा नाही, चहालाही नाही. मंडळानं त्याचं नाव चिकटराव ठेवलं. ते खळीवरून की स्वभावावरून, हे कुणी स्पष्ट केलं नाही.

पुढे ठरलं, की अख्खा कडा छापून ग्रंथालयाच्या जिन्यात लावायचा. प्रत्येकानं एक भाग जोडायचा, त्याखाली त्याचं नाव येणार. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांची चित्रं दुसऱ्यांच्या नावांसकट लावली होती. आपलं नाव येणार, हे त्यानं बायकोला जेवताना पुन्हा पुन्हा सांगितलं. शेवटी तिनं विचारलं, चिकटराव असंच येणार का? येऊ दे, म्हणाला.

आपला भाग त्यानं सर्वांत आधी पुरा केला. पुढच्या रविवारी तो गेला, तर खोलीत लग्नघरासारखी गडबड. बाईंना त्याच्या भागात नवल सापडलं होतं. एकाच आकाराचे दोन दगड. दोघांनाही सशासारखे कान, दोघांच्याही पाठीला तीच खोक. डॉक्टर म्हणत होते, एकच दगड उभा चिरला असणार, दाढ चिरते तसा. बाईंचं म्हणणं, दोन्ही एकाच लाटेनं घडवले, तिथे कधीकाळी पाणी होतं त्याची ही खूण. त्यांनी खऱ्या शास्त्रज्ञांना कळवायचा मजकूरही जुळवून ठेवला होता.

त्यानं पडद्यावर वाकून पाहिलं. उजवीकडचा ससा त्याचा होता. यानाचा एक फोटो आलाच नव्हता, तिथे चित्रात काळं भोक पडलं होतं. त्यानं सवयीनं शेजारची वाळू उचलून ठिगळ लावलं होतं. वाळूबरोबर तिथला दगडही आला होता.

गप्प बसला असता तर जिन्यातलं नाव पक्कं होतं. बोललं तर भाग जाणार, नाव जाणार, कदाचित खुर्चीही जाणार. खळ नसलेले हात त्यानं पँटला पुसले.

"बाई, तो दगड मी चिकटवलाय."

"कुठे?" डॉक्टरांनी विचारलं.

"मंगळावर."

डॉक्टर खुर्चीत मागे रेलून इतके हसले, की त्यांच्याच दाढा मोजता आल्या असत्या. बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि शास्त्रज्ञांसाठीचा मजकूर फाडून टोपलीत टाकला.

"अहो चिकटराव, जे आपल्याला दिसलं नाही, ते दिसलं नाही म्हणायचं. तिथे काळं ठेवायचं."

हसणं त्यानं सोसलं असतं. हे जड गेलं. भोक तसंच ठेवून घरी जाणाऱ्याला त्याच्या धंद्यात दुसऱ्या दिवशी कुणी शिडी देत नाही.

"भोक ठेवायचं आणि खाली माझं नाव लावायचं?"

"नाव लावायचं म्हणूनच भोक ठेवायचं," बाई म्हणाल्या.

त्यानं ठिगळ उसवलं. भोक ठेवायचंच आहे तर ते तरी नीट असावं, म्हणून त्याच्या चारी बाजू अशा सरळ केल्या, की कुणाला वाटावं ते मुद्दाम कापलंय. कडा जिन्यात लागला. लावायला अर्थात तोच शिडीवर होता. काळ्या चौकोनाखाली चिकटराव असं छापलं होतं. हे काय, असं कुणी विचारलं की बाई सांगायच्या, तिथे आम्ही पाहिलेलं नाही.

घरी पुढच्या खोलीच्या भिंतीचे पोपडे बायको कधीची दाखवत होती. त्या भिंतीच्या रंगासाठी तो शनिवारीही फलक लावत होता. त्या मजुरीत रंग आला असता. तिला विचारूनच त्यानं त्यात कडा छापून आणला, आणि एका रविवारी स्वतः कालवलेल्या खळीनं भिंतभर चढवला. तिनं शिडी धरली. डावीकडे घ्या, अजून डावीकडे, असं सांगत तिनंच तो असा बसवून घेतला, की काळा चौकोन नेमका दिव्याच्या बटणांच्या फळीवर आला, आणि तेवढाच कापून बटणं मोकळी ठेवता आली.

आता जिन्यातला कडा पाहिलेला माणूस घरी आला, की भोक कुठंय असं विचारतो. "इथे आम्ही पाहिलेलं नाही," असं म्हणून ती बटण दाबते आणि दिवा लावते.