अध्यक्षांचा हातगुण

आमच्या आंबा बागायतदारांच्या संस्थेची वेबसाइट सांभाळणारी बाई हवापाण्याच्या गप्पा मारता मारता माझ्या डब्यातले तळलेले गरे संपवते. डबा रिकामा झाला, की मगच मला ते कळतं.

ऐन हंगामात सर्व्हरचा आयपी पत्ता बदलायची वेळ आली. साइट तासभर जरी बंद पडली असती, तरी पेट्यांच्या ऑर्डरी दुसरीकडे गेल्या असत्या. अध्यक्ष मुहूर्त बघून नारळ घेऊनच आले.

"काय गो, बंद नाय ना पडणार?"

"तुमच्या हातून झालं तर नाही पडणार, काका. हे बटण दाबा."

त्यांनी डोळे मिटून बटण दाबलं. ऑर्डरी येतच राहिल्या. डोळे उघडून ते म्हणाले, "बघा, कसं लख्ख चालतंय!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मला शंका आली. नंतर मी तिला गाठलं, तेव्हा तिने सांगितलं, की नवा पत्ता तिने आधीच जुन्याच्या जोडीला चालू केला होता. गिऱ्हाइकं हळूहळू तिकडे वळवली होती आणि जुन्या पत्त्यावर कुणी येईनासं झाल्यावर सकाळीच तो बंद केला होता.

"मग काकांनी काय दाबलं?"

"स्क्रीनचा उजेड वाढवला," ती म्हणाली. "त्यांना नीट दिसत नव्हतं ना!"