कंट्रोल ग्रुपमधली मुलगी

निरोगी माणसांच्या पट्ट्या काळ्याभोर आल्या होत्या. त्या फिक्या यायला हव्या होत्या. मी ब्लॉट पुन्हा लावला, नव्या अँटिबॉडीने लावला, तरी तेच.

ब्लॉट म्हणजे काय ते आधी सांगते. पेशीतली प्रथिनं काढून जेलमध्ये आकाराप्रमाणे वेगळी करायची, ती एका पातळ पडद्यावर उतरवायची आणि हवं ते प्रथिन शोधायला त्यावर अँटिबॉडी सोडायची. प्रथिन जिथे असेल तिथे पट्टी उमटते. जास्त असेल तर गडद, कमी असेल तर फिकी. मी शोधत होते ते जेएनके, त्यातही त्याचं चालू झालेलं रूप. पेशीवर ताण आला की जेएनके चालू होतं आणि आत निरोप पाठवतं, की बाई, सांभाळ. ताण गेला की बंद होतं. लिव्हरमध्ये चरबी साचलेल्या लोकांत ते नीट बंदच होत नाही, आणि लिव्हर बिघडत जातं. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं या एका प्रथिनामागे गेली. नवरा त्याला माझा धाकटा दीर म्हणतो, कारण सणासुदीलाही त्याचं काही ना काही निघतं.

प्रोजेक्ट अकोला आणि अमरावतीचा मिळून होता. पेशंट अकोल्याचे, लॅब अमरावतीची. अकोल्याचे लिव्हरचे डॉक्टर राजूरकर सर प्रोजेक्टचे प्रमुख, म्हणजे माझे बॉस. नुसत्या तपासणीसाठी निरोगी माणसाच्या लिव्हरचा तुकडा कोणी काढू देत नाही, म्हणून आम्ही रक्तातल्या पांढऱ्या पेशींत जेएनके बघत होतो. बर्फात ठेवलेल्या ट्यूब अकोल्याहून गाडीने यायच्या. ट्यूबवर फक्त नंबर. कोण आजारी आणि कोण कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी घेतलेला निरोगी माणूस, हे मला शेवटपर्यंत कळू द्यायचं नाही असा नियम असतो. कळलं की डोळे हवं ते बघायला लागतात. सगळे नंबर वाचून झाले, सरांनी कोड उघडला, आणि आजारी माणसांइतकेच निरोगीही काळे निघाले.

मी सरांना फोन केला.

"सर, कंट्रोल बिघडलेत."

"बिघडले नाहीत, मॅडम. त्यांचं एसजीओटी, एसजीपीटी पण वाढलंय. बारीक अंगाची, विशीतली पोरं. दारू नाही, तंबाखू नाही. लक्षात येतंय का काय सापडलंय? वऱ्हाडातल्या सडपातळ तरुणांत लपलेला लिव्हरचा आजार!"

"ही पोरं आणली कुठून?"

"व्हॉलंटिअर आहेत. आमच्या ज्युनिअरने जमवलीत, हॉस्पिटलजवळच राहतात. ज्यांचे आकडे जास्त त्यांना रिपोर्ट दिलेत, विश्रांती सांगितलीय. आणि अ‍ॅब्स्ट्रॅक्ट आजच पाठवतोय."

अ‍ॅब्स्ट्रॅक्ट म्हणजे कॉन्फरन्सला पाठवायचा संशोधनाचा सारांश. मी म्हटलं, थोडं थांबू या. सर म्हणाले, थांबलो तर दुसरा कोणी छापेल. बॉस असं म्हणतात तेव्हा वाद घालून उपयोग नसतो, हे मी बऱ्याच लॅबमध्ये शिकले आहे. मी ब्लॉट चौथ्यांदा लावायला घेतला.

साधारण दोन आठवड्यांनी एक गृहस्थ मुलीला घेऊन लॅबच्या दारात उभे राहिले. अंजनगाव सुर्जीहून आले होते. विलास इंगळे, मोटार रिवायंडिंगचं दुकान. मुलगी साक्षी. दारावरचं माझं आडनाव वाचून ते "जय भीम, मॅडम" म्हणाले. मीही म्हटलं आणि दोघांना बसवलं.

"हे तुमच्या इथंच तपासलं का?" त्यांनी रिपोर्ट पुढे केला. त्यावर प्रोजेक्टचं नाव होतं आणि खाली आमच्या लॅबचा पत्ता.

"रक्त आमच्याकडे येतं. रिपोर्ट अकोल्याचा आहे. काय झालं?"

"पोरीचं लिव्हर खराब हाये म्हनते. पुढच्या महिन्यात इचं ग्राउंड हाये, पोलीस भरतीची पळन्याची अन् गोळाफेकीची परीक्षा. अकोल्याले अकॅडमीत होती. रिपोर्ट पाहून अकॅडमी चालवनाऱ्या सुभेदार सायबानं घरी धाडली. म्हने, डॉक्टरचं लिहून आना, तवाच ग्राउंडवर घेतो. आता तुमीच सांगा, आमच्या घरी कोनी दारूले हात नाई लावत."

"मग राजूरकर सरांना दाखवायचं ना."

"गेलतो जी. सर दिल्लीले गेले म्हने."

साक्षी खाली बघत होती. तिच्या गळ्यात काविळीची माळ होती. आमच्याकडे काविळीवर मुळीच्या तुकड्यांची अशी माळ घालतात. ती रोज थोडी लांब होते, आणि जितकी लांब होईल तितकी कावीळ उतरली असं लोक समजतात. ही परतवाड्याच्या एका औषधवाल्याकडून आणलेली होती. सोबत पथ्य. तेल बंद, हळद बंद, डाळ बंद, अंडी बंद. ताक-भाकर आणि उसाचा रस, एवढंच. पोरीचे डोळे तर पांढरेशुभ्र होते. तिला कावीळ नव्हतीच, रिपोर्टात काविळीचं बिलिरुबिनही ठीक होतं. पण लिव्हर म्हटलं की कावीळ आणि कावीळ म्हटलं की माळ, हा रस्ता आमच्याकडे ठरलेला आहे.

"साक्षी, रक्त घेतलं त्या दिवशी सकाळी काय केलंस?"

"काय केलं म्हनजे? ग्राउंडवरच होतो ना आमी."

"ग्राउंडवर काय केलं ते सांग."

"राउंड झाले. मंग गोळा. मंग सुभेदार सायबानं उठबशा लावल्या, आदल्या दिवशीच्या कोनी बुडवल्या होत्या म्हनून. मंग म्हने, आज डॉक्टर रक्त घेतेत, कोनी नाश्ता नोका करू. तसेच गेलो. हॉस्पिटलच्या पायऱ्या चढवत नोत्या मॅडम, पाय इतके भरून आले होते."

"आणि असं रोज?"

"ग्राउंड जवळ आलं का रोजच. आराम कोन देते?"

मी पेन खाली ठेवलं.

एसजीओटी आणि एसजीपीटी यांना सगळे लिव्हरची टेस्ट म्हणतात. ही एन्झाइम लिव्हरमध्ये असतात, पेशी दुखावल्या की रक्तात गळतात, म्हणून ते बरोबरही आहे. पण ती स्नायूंतही असतात. माणूस मरेस्तोवर पळाला, उठबशा काढल्या, की स्नायूंतून गळतात आणि कागदावर लिव्हर खराब दिसतं. जेएनकेचंही तसंच. ते ताणाला ओळखतं, ताण कशाचा ते सांगत नाही. इतकी दमछाक झाली की रक्तातल्या पांढऱ्या पेशींतही ते चालू होतं. माझ्या काळ्या पट्ट्यांचा लिव्हरशी संबंधच नव्हता. त्या सकाळच्या राउंडच्या पट्ट्या होत्या.

हे सरांना माहीत नव्हतं असं नाही. एमबीबीएसच्या पुस्तकात असतं. पण जे सापडावं असं वाटत होतं तेच सापडलं की माणूस पुस्तक मिटतो. मला राग आला. नेमका कोणाचा ते ठरवता येईना, म्हणून मी तिघांसाठी चहा मागवला.

मग कामाला लागले. साक्षीचं त्या दिवशीचं सीरम आमच्या डीप फ्रीजमध्ये होतं. तिच्या आणि बाकी कंट्रोलच्या सीरममध्ये दोन टेस्ट लावायच्या ठरवल्या. सीपीके हे स्नायूंचं एन्झाइम, लिव्हरमध्ये जवळजवळ नसतं. जीजीटी लिव्हरचं, स्नायूंशी त्याचं देणंघेणं नाही. शिवाय साक्षीचं ताजं रक्त घेतलं. तिने हात पुढे केला, पण तोंड फिरवून. दुपारपर्यंत आकडे आले. जुन्या सीरममध्ये सीपीके भलतंच वाढलेलं, जीजीटी सगळ्यांचं ठीक. आणि साक्षीच्या ताज्या रक्तात सगळंच ठीक. ती दोन आठवडे घरी बसून होती, तेवढ्यात स्नायू शांत झाले होते.

मी इंगळ्यांना सांगितलं, मुलीला काही झालेलं नाही, झालेलंच नव्हतं.

"म्हंजे औषध लागलं!" ते एकदम खुलले. "माळ कामाची निघाली."

मी स्नायूंचं सगळं समजावलं. त्यांनी मान डोलावत ऐकून घेतलं.

"हाव, ते बराबर हाये मॅडम. पन माळ बी घातली होती ना?"

माळ न घालता घरी बसलेली दुसरी साक्षी मी कुठून आणणार होते?

आता प्रश्न पत्राचा होता. मी डॉक्टर आहे, पण पीएचडीची. माझ्या सहीवर सुभेदार तिला ग्राउंडवर घेणार नव्हते. दुसऱ्या दिवशी सर दिल्लीहून परतणार होते. मी सकाळची एसटी धरून अकोल्याला गेले आणि ओपीडी सुरू व्हायच्या आत त्यांच्यासमोर आकडे ठेवले.

सरांनी सीपीकेचा रकाना बघितला.

"ही पोरं पळून आली होती?"

"भरतीच्या अकॅडमीतली आहेत, सर. तुमच्या हॉस्पिटलमागेच ग्राउंड आहे."

"मला कोणी सांगितलं नाही."

"कोणी विचारलं नाही."

ते खुर्चीत मागे टेकले. "व्यायाम असू शकतो आणि आजारही असू शकतो, मॅडम. दोन्ही एकदम."

"जीजीटी बघा. बिलिरुबिन बघा. आणि हे मुलीचे कालचे आकडे."

"एका मुलीवरून ग्रुप ठरवायचा?"

"नका ठरवू. सगळ्यांना आठवडाभर बसवा आणि परत रक्त घ्या."

"ग्राउंड तोंडावर असताना कोण बसेल?"

"म्हणूनच म्हणते, आधी पत्र लिहा. पेपरसाठी नंतर भांडू."

सर जरा खालच्या आवाजात म्हणाले, "अ‍ॅब्स्ट्रॅक्ट स्वीकारलाय त्यांनी. स्टेजवरून बोलायला बोलावलंय. अकोल्यात बसून असं किती वेळा मिळतं?"

मला त्यांचं दुःख कळत होतं. मुंबई-दिल्लीचे लोक आपल्याला स्टेज न देता कोपऱ्यातल्या पोस्टरच्या बोर्डाशी उभं करतात, हे मीही भोगलं आहे. पण त्यांची कॉन्फरन्स पुढच्या वर्षीही येणार होती.

"सर, त्या मुलीला आज पळायला हवं," मी म्हटलं.

त्यांनी पॅड ओढलं आणि पत्र लिहिलं. एवढ्यावर न थांबता सुभेदारांना स्वतः फोन लावला. "सुभेदारसाहेब, इंगळे नावाची मुलगी फिट आहे. बाकीची पोरंही फिट आहेत. चूक आमच्याकडून झाली." बॉसच्या तोंडून शेवटचं वाक्य मी फार थोड्या वेळा ऐकलं आहे. त्या दिवसापासून सरांशी माझे वाद कमी झाले असं नाही, पण मी त्यांना मानते.

अ‍ॅब्स्ट्रॅक्ट मागे घेतला. भरती उरकल्यावर नव्याने कंट्रोल जमवले, आदले काही दिवस पळायचं नाही या अटीवर. पट्ट्या फिक्या आल्या. वऱ्हाडातल्या तरुणांतला लपलेला आजार तिथेच संपला. आमचा पेपर पुढे निघाला, साधासा, जगाला आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीत दोन ओळींची भर घालणारा.

सरांनी पत्र लिहिलं त्या दिवशीच मी साक्षीला अकोल्याला बोलावलं, आणि संध्याकाळी ती पत्र घेऊन अकॅडमीत परत गेली. ग्राउंडला थोडेच दिवस उरले होते. ताक-भाकरीवर आणि बसून काढलेल्या दिवसांत दम गेला होता, तो भरून काढायला वेळ नव्हता. गोळा चांगला गेला. आठशे मीटरमध्ये मागे पडली, आणि थोडक्यात यादीबाहेर राहिली.

तिने स्वतःच फोन करून सांगितलं. मला फार वाईट वाटलं आणि मी तसं म्हटलं.

"तुमी काय करान मॅडम," ती म्हणाली. "बसून राहिली म्हनून तुमच्या मशीनमधी चांगली निघाली. अन् बसून राहिली म्हनूनच ग्राउंडवर मागं पडली."

"पुढच्या भरतीला बस."

"बसनार ना. पन एक सांगून ठेवतो, रक्त नाई देनार आता कोनाले."

आमच्याकडे आता व्हॉलंटिअर आला की आधी विचारतात, काल आणि आज काय काय केलंस, पळालास का, ओझं उचललंस का. त्याला काय होतंय ते नंतर. आजारी माणसाला आम्ही शंभर प्रश्न विचारत होतो. निरोगी माणसाला नुसता हात पुढे करायला लावत होतो.

नव्या कंट्रोलसाठी ज्युनिअरने साक्षीलाही फोन केला होता. ती नाही म्हणाली. मी त्याला सांगितलं, तिला पुन्हा विचारू नकोस.