बाकाखालचा पाट

तुमचं मूल वर्गात बाकावर बसतं, तेव्हा त्याचे पाय जमिनीला टेकतात का? घाईने हो म्हणू नका. तुम्ही त्याचे गुण पाहिलेत, अक्षर पाहिलंत, दप्तराच्या वजनावरून शाळेशी भांडलाही असाल. पण बाकाखाली वाकून कधी पाहिलंत? माझी विभाआत्या हा प्रश्न भेटेल त्याला विचारायची. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला, रिक्षावाल्याला, बँकेत पासबुक भरून देणाऱ्या मुलीला. बँकेतली ती मुलगी म्हणाली होती, "मावशी, माझं अजून लग्नच नाही झालं." आत्या म्हणाली, "मग भाच्याचे बघ. भाचा असेलच की!"

पाच आठवड्यांपूर्वी मी बडोद्यात मांडवीजवळच्या एका छापखान्यात उभी होते. हातात पत्रकाचं ओलं प्रूफ, बोटांना शाई, आणि फोन वाजला. कोकिळाबेनचा होता. आत्या ज्या प्राथमिक शाळेत ऑक्युपेशनल थेरपिस्ट होती, तिथल्या त्या शिक्षिका. त्या म्हणाल्या, "बेटा, तारां फोई..." फोई म्हणजे आत्या. गोत्री भागातल्या तिच्या घरी, सकाळी शाळेला निघताना, चपला घालता घालता ती दारातच खाली बसली आणि परत उठली नाही. हृदय थांबलं. खांद्यावरच्या पिशवीत दोन डबे होते. एकात पोळीभाजी आणि दुसऱ्यात कपडे वाळत घालायचे चिमटे. त्या दिवशी पहिलीच्या मुलांच्या बोटांना ताकद यावी म्हणून ते चिमटे दोरीवर लावायचे होते.

आम्ही बडोद्याचे जुने मराठी. पणजोबा राज्याच्या कचेरीत होते, पण ते वैभव आमच्यापर्यंत फक्त गोष्टींतून पोचलं. आमच्या घरात जे खरोखर होतं ते म्हणजे पत्रकं. बाबा पादरा गावाकडच्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी पत्रकं लिहायचे, आई त्यांच्या घड्या घालायची आणि मी अक्षरओळख त्यांच्यावरच केली. 'जाहीर निषेध' हे मी 'कमळ' आणि 'घर' यांच्या आधी वाचायला शिकले. विभाआत्या बाबांची धाकटी बहीण. तिला आमच्या पत्रकांचं कौतुक होतं, पण ती बाबांना चिडवायची. "दादा, तुझ्या पत्रकात सगळं जग आहे रे. एक माणूस कुठे आहे, तेवढं दाखव." तिने लग्न केलं नाही. आधी इस्पितळात पक्षाघात झालेल्यांच्या हातांना परत चमचा धरायला शिकवायची, मग ती नोकरी सोडून जुन्या शहरातल्या या गुजराती माध्यमाच्या शाळेत आली. नातेवाइकांना तिचं काम कधी कळलं नाही. एका काकांनी विचारलं होतं, "मुलांना व्यवसायाचे उपचार? सात वर्षांच्या पोराचा कसला आलाय व्यवसाय?" आत्या म्हणाली, "बटण लावणं, डबा उघडणं, पेन्सिल धरणं, खेळणं. दिवसभराचा धंदा आहे, काका, आणि सुट्टी नाही."

मी त्या शाळेत पहिल्यांदा गेले ती भांडायला. दुसरीत धारा नावाची मुलगी होती. वडील मांडवीत बांगड्यांची लारी, म्हणजे हातगाडी, लावायचे, आई घरी साड्यांना फॉल लावायची. धारा बाकावर बसायचीच नाही. एक पाय मुडपून बसे, मग दोन्ही पाय, मग बाकाच्या लोखंडी दांडीला पाय गुंडाळून, मग धप्पकन खाली, मग सगळ्या वर्गात फेरी. कोकिळाबेन रोज तिला ओरडून थकल्या होत्या. मुख्याध्यापकांनी आईला बोलावून सांगितलं होतं, की मूल वेगळं आहे, वेगळी शाळा बघा, वार्षिक परीक्षेला पूर्ण वेळ बसली नाही तर दाखला घेऊन जा. आई एवढंच म्हणाली, "साहेब, आने तो भणाववी ज छे." हिला तर शिकवायचंच आहे. हे ऐकल्यावर माझं डोकं फिरलं. प्राथमिक शाळेतून मुलाला असं घालवता येत नाही, हा कायदा मला पाठ होता. पत्रकाचा मथळासुद्धा तयार होता. आत्या म्हणाली, "कायदा आहे, मान्य. कायद्याने ती शाळेत राहील. बाकावर राहील का?" मग म्हणाली, "खाली बस. फरशीवर. आणि समोर बघ."

मी वर्गाच्या मागे फरशीवर बसले आणि समोर पाहिलं... सगळा वर्ग हवेत लोंबकळत होता! रांगांमागून रांगा, छोटे छोटे काळे बूट, काही फाटके, काही नवे, एकही जमिनीला टेकलेला नव्हता. संस्थेच्या हायस्कूलने नवे बाक घेतले तेव्हा जुने इथे पाठवले होते. पंधरा वर्षांच्या मुलांच्या मापाचे बाक, त्यांवर सहा-सात वर्षांची पोरं. वरून कुणालाच काही दिसत नव्हतं. मी भडकले. आत्या मात्र हसत होती, शोध लागल्यासारखी. संध्याकाळी तिने मला घरी नेलं, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर चढवून बसवलं, मांडीवर पाटीएवढी फळी दिली आणि म्हणाली, "लिही तुझं पत्रक. पूर्ण पानभर. हलायचं नाही." अर्धं पान होईपर्यंत माझी कंबर भरून आली, पाय मुंग्यांनी जड झाले, अक्षर उताराला लागलं आणि मी नकळत एक पाय मुडपून बसले. "बघ, झालीस धारा," आत्या म्हणाली. "अंग सावरण्यातच सगळी शक्ती गेली, तर लिहायला काय उरणार? त्यातून धाराचं अंग मुळात सैल आहे, तिला स्वतःला धरून ठेवायला दुप्पट कष्ट. ती पळत नाहीये गं. ती पडू नये म्हणून धडपडतेय."

नवे बाक मिळणार नव्हते, हे मुख्याध्यापकांनी आधीच सांगून टाकलं होतं. म्हणजे पायांखाली काहीतरी हवं होतं. ते होतं कुठे? आमच्याच घरांच्या माळ्यांवर! बडोद्याच्या प्रत्येक मराठी घरात डायनिंग टेबल आलं तेव्हा जेवायचे पाट माळ्यावर गेले. कुणी ते टाकलेही नाहीत, वापरलेही नाहीत. संक्रांतीनंतर आत्याने गोत्रीच्या घरी हळदीकुंकू ठेवलं आणि सगळ्यांना निरोप धाडला, "वाण मी देणार नाही, तुम्हीच आणा. माळ्यावरचा एक पाट." जन्मात कधी हळदीकुंकू न करणाऱ्या आत्याचं बोलावणं म्हणून सगळ्या उत्सुकतेने आल्या. तिने समजावून सांगितल्यावर मात्र शेजारच्या शिर्केकाकूंनी आपला पाट पदराआड ओढला. त्यांचे पणजे-आजे राज्याच्या पलटणीत होते आणि काकूंचा आवाजही तसाच.

"विभा, अगं यावर नैवेद्याचं ताट मांडलंय आम्ही. त्यावर पोरं पाय ठेवणार?"

"काकू, तुमच्या लग्नात अंतरपाटासमोर काका कशावर उभे होते?"

"पाटावर."

"याच?"

"याच... अगं पण ते नवरदेव होते!"

"मग काकांचे पाय चालले आणि धाराचे नाही चालत? काकांचे तर मी बघितलेत."

बायका इतक्या हसल्या, की कुंकवाचा करंडा लवंडला. शिर्केकाकू हसल्या नाहीत. पाट घेऊन सरळ निघून गेल्या. चार दिवसांनी रिक्षातून उतरल्या त्या तोच पाट घेऊन. कोपऱ्यांना पितळी फुलं असलेला तो लग्नाचा पाट त्यांनी चकचकीत पॉलिश करून आणला होता. म्हणाल्या, "शाळेत जायचंय त्याला. मळका कसा देऊ?" आणि गंमत म्हणजे सगळ्यांनीच तसं केलं होतं! मळका पाट द्यायचा म्हणजे घराची अब्रू. कुणी खालून-वरून पॉलिश केलं होतं, कुणी तेल पाजलं होतं. पहिल्याच दिवशी वर्गात पाट मांडले आणि मुलांनी पाय ठेवताच ते फरशीवरून सटासट पुढे निघाले. एक पाट तर थेट फळ्याखाली जाऊन थांबला. कोकिळाबेन कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "विभाबेन, आ क्लास छे के जमणवार?" वर्ग आहे की जेवणावळ! त्या रात्री आत्या, बाबा आणि मी सायकलच्या जुन्या ट्यूबा कापून पाटांच्या तळाला खिळत बसलो. लहानग्यांसाठी दोन दोन पाट एकावर एक जोडले. बाबा म्हणाले, की आयुष्यात पहिल्यांदा असं आंदोलन केलं, ज्यात हातोडी खरंच वापरली.

पितळी फुलांचा पाट धाराला मिळाला. पाट मिळाला म्हणून ती शहाण्यासारखी बसायला लागली, असं मी लिहिलं तर आत्या वरून माझा कान धरेल. तसं काही झालं नाही. आत्याने कोकिळाबेनना एकच सांगितलं, "तिला बस म्हणू नका. काम सांगा." मग धारा पाण्याचा जग भरून आणू लागली, ओलं फडकं पिळून फळा पुसू लागली, वह्यांचा गठ्ठा छातीशी धरून जिने चढू लागली. अंगाला जोर लावून आली, की काही वेळ तिचं शरीर जाग्यावर असायचं. तेवढ्यात लिहायचं. तो वेळ वाढत गेला. आणि रोज सकाळी आत्या वर्गाच्या दारात उभी राहून विचारायची, "पग क्यां?" पाय कुठे? सगळा वर्ग एकदम पाटांवर टाचा आपटायचा. ठक ठक! पहिल्या दिवशी तो आवाज ऐकून मुख्याध्यापक धावत आले होते.

वार्षिक परीक्षेच्या दिवशी आत्याने मला व्हरांड्यात उभं केलं होतं, तोंड बंद ठेवायच्या अटीवर. धाराची आई फाटकाबाहेर उभी होती. मुख्याध्यापक वर्गाच्या दारात. धारा लिहीत होती, जीभ जरा बाहेर काढून, दोन्ही पाय पितळी फुलांच्या मध्ये. बराच वेळ गेला आणि... ती उठली. मुख्याध्यापकांनी आत्याकडे पाहिलं, झालं ना मनासारखं, अशा नजरेने. 'बेस' म्हणायला उघडलेलं तोंड कोकिळाबेननी पदराने झाकलं. धारा बाकाखाली वाकली. ट्यूब असूनही सरकून पुढे गेलेला पाट तिने दोन्ही हातांनी ओढून जागेवर आणला, त्यावर एकदा पाय आपटून पाहिला, आणि परत बसली. परत लिहायला लागली! "बेसी गई!" कोकिळाबेन एवढ्या मोठ्याने ओरडल्या, की त्यांनाच सगळ्या वर्गाला गप्प करावं लागलं. तिने पेपर शेवटपर्यंत लिहिला. दाखल्याचा विषय परत निघाला नाही. मुख्याध्यापकांनी फक्त एवढंच विचारलं, "विभाबेन, पहिलीच्या वर्गाला कधी देताय?"

मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहून काढलं. प्रत्येक प्राथमिक शाळेत एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट हवी, ही मागणी, आणि त्याआधी व्यवस्थेवर सणसणीत परिच्छेद. आत्याने ते वाचलं आणि वरचे परिच्छेद खोडले. "मागणी बरोबर आहे. पण वाचणारा शेवटी मान डोलावेल आणि झोपेल. पहिलं वाक्य असं लिही, की त्याला वाकून बघावं लागेल." छापायला मात्र तिने परवानगी दिली नाही. आधी सगळ्या वर्गांना पाट पुरू देत, म्हणाली. यंदा शेवटचा वर्ग झाला आणि तिचा फोन आला, "छाप आता. भरपूर छाप." त्याच पत्रकाचं प्रूफ त्या सकाळी माझ्या हातात होतं. त्याचं पहिलं वाक्य तुम्ही या लेखाच्या सुरुवातीला वाचलंत.

तिचं दिवसकार्य झाल्यावर मी शाळेत गेले. तिच्या जागी कुणी येईल का, हे अजून कुणी सांगत नाही. ते मी विचारत राहीन, माझ्या पद्धतीने, अगदी त्यांना कंटाळा येईपर्यंत. पण त्या सकाळी मी फक्त जिन्याशी उभी राहिले. धारा आता चौथीत आहे. उंच झालीय. ती दोन्ही हातांत पितळी फुलांचा पाट धरून पहिलीच्या वर्गाकडे निघाली होती. मी विचारलं, "कुठे?" म्हणाली, "मारा पग तो अडी गया." तिचे पाय आता टेकतात. म्हणून तिने पहिलीतल्या एका नव्या मुलीच्या बाकाखाली तो नीट लावला, ती बसल्यावर खाली वाकून बघितलं आणि निघून गेली. मग कोकिळाबेन वर्गाच्या दारात आल्या. चष्मा पुसला. आणि विचारलं त्यांनी, "पग क्यां?"

ठक ठक. सगळी शाळा ठकठकली. जिन्याच्या दगडातून तो आवाज माझ्या तळपायाला लागला.

तेव्हा आता माझं ऐका. उद्या तुमच्या मुलाच्या शाळेत जा. मूल नसेल तर भाच्याच्या, पुतणीच्या, शेजारच्या पोराच्या शाळेत. वर्गात शिरा, लाजू नका, फरशीवर बसा आणि समोर बघा. पाय हवेत दिसले तर घरी येऊन माळ्यावरचा पाट काढा, तळाला सायकलच्या ट्यूबची पट्टी ठोका आणि शाळेत नेऊन द्या. मळका असला तर असू द्या. पॉलिश तेवढं करू नका.